भार नाही, तरी उतार

रात्री अकराला ब्याऐंशी टक्के.
सकाळी सहाला चौऱ्याहत्तर.
गाडी जागची हलली नव्हती,
पुढच्या चाकाला टेकलेलं बदामाचं पान
तसंच टेकलेलं.

खारेगावात, बिल्डिंगच्या मागच्या भिंतीलगत
उभा आमचा विजेवरचा ट्रक,
आणि त्याच्या पाठीला, मुंब्र्याच्या शब्बीर मिस्त्रीनं
पत्रा, फोम आणि माझ्या उधारीवर उभा केलेला कॅम्पर:
दोन बर्थ, एक सिंक, गुडघ्याएवढा फ्रिज.
दोघांमध्ये सात पिनांची काळी केबल,
अंगठ्याएवढी जाड.
दिवाळीनंतर गुहागरला जायचं,
असं मागच्या दिवाळीपासून ठरलंय.

चेअरमन पेडणेकर म्हणाले, चोरतंय कुणीतरी.
वीज काय डिझेल आहे, नळी लावून ओढायला?
वृंदा म्हणाली, फ्रिज.
फ्रिज बंद केला, आठाचे सात झाले.
पाण्याचा पंप सोडवला, छतातली पट्टी काढली.
सहा.
सर्व्हिस सेंटरचा मुलगा फोनवर म्हणाला,
काका, थोडं जातंच.
हे वाक्य मी आधीही ऐकलंय,
डॉक्टरांकडून, बाबांच्या कानांबद्दल.

पाचव्या रात्री अकरा टक्के गेले.
सहाव्या रात्री अडीचला मी खाली उतरलो,
हातात विजेरी, पायात घाईत वृंदाच्या चपला.

कॅम्परच्या पडद्यामागे उजेड होता.

आत बाबा.
बर्थवर ताठ बसलेले,
मांडीवर लांबट वही, रकाने हातानं आखलेले,
डोक्यावर चिमुकला पंखा.
कळव्याच्या सबस्टेशनात एकतीस वर्षं रात्रपाळी:
दर तासाला उठायचं, मीटर वाचायचं, लिहायचं.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
शरीराला अजून ऑर्डर मिळालेली नाही.

मी काही विचारायच्या आत त्यांनी वही पुढे केली.
११.०० — ८२
१२.०० — ८१
१.०० — ७९
२.०० — ७८
शेरा: भार नाही. तरी उतार.
"यातला एखादा माझा," ते म्हणाले,
"दिवा, पंखा. वजा करून घे."

मग मला बाहेर नेऊन
ट्रकच्या बॉनेटवर माझा तळहात दाबून धरला.
थांब.
थांब, अजून.
टक्.
कानांना नाही, हाताला ऐकू आलं.
"झोपत नाहीये हा. मागे काहीतरी जोडलंय
हे त्याला कळतं. मग विचारत बसतो,
आहेस का?
डबा म्हणतो, आहे.
थोड्या वेळानं पुन्हा तेच."

बायपासच्या चढावर एक कंटेनर
खालच्या गिअरमध्ये कण्हत होता.
आम्ही दोघांनी मिळून प्लग ओढला,
पिनांवर रबरी टोपी बसवली.
टक् थांबलं.
सकाळी अठ्ठ्याहत्तरचे अठ्ठ्याहत्तरच.
पेडणेकरांना सांगितलं, तर चोर न सापडल्याचं
त्यांना थोडं वाईटच वाटलं.

त्या रात्री एकला आमच्या दाराची कडी वाजली.
बाबा खाली गेले, पाच मिनिटांत वर.
दोनला गेले, लगेच वर.
तीनला गेलेच नाहीत.
हॉलमध्ये खुर्चीवर, दिवा न लावता,
मांडीवर मिटलेली वही.
सकाळी मी ती उघडून पाहिली:
७८, मग खाली दोन ठिपके, पुन्हा दोन ठिपके.
शेऱ्याचा रकाना कोरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दूध आणायला म्हणून गेलो
आणि केबल परत लावली,
खाच जुळेपर्यंत फिरवून.
वृंदानं गॅलरीतून विचारलं, काय करतोयस?
म्हटलं, ताडपत्री सैल झाली होती.
तासाला एक टक्का.
मी हिशोब केला होता. परवडतं.

१२.०० — ७५
१.०० — ७४
शेरा: केबल अज्ञात इसमाने पुन्हा जोडली आहे.
चौकशी व्हावी.
खाली सही, तारीख,
आणि सहीखाली, नोकरीत मारायचे तशी,
दुहेरी रेघ.